मेमसीएचआर म्हणजे नुसता फॉर लूप? बरं, बघू की

परवा भाच्यानं नांदेडहून एक फोटो फॉरवर्ड केला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे तो, आणि खाली लिहिलं, "मामा, तुमच्या टूलमधलं ते लायब्ररीचं फंक्शन काढून टाका, हे बघा काय म्हणायलेत." तोच फोटो दोन दिवसांत अजून तिघांकडून आला, म्हणजे चांगलाच फिरायलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सी च्या स्टँडर्ड लायब्ररीतलं मेमसीएचआर (मेमरीत एखादा बाइट कुठं आहे ते शोधणारं फंक्शन) म्हणजे आत नुसता फॉर लूप आहे, तुम्ही तोच पाच ओळींत लिहा, ओ-३ (वेग वाढवायचा पर्याय) लावा, बाकी कंपायलर (कोड मशिनीच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) बघून घेतो. पुरावा म्हणून टायमिंग: २५६ एमबीवर लायब्ररी ९० मिलिसेकंद, स्वतःचा लूप ० मिलिसेकंद. वर आणखी, लायब्ररी बफरच्या (डेटासाठी घेतलेल्या मेमरीच्या) बाहेरचं वाचते म्हणून ती धोकादायक, मेममेम (बाइटचा तुकडा शोधणारं) आणि स्ट्रलेन (मजकुराची लांबी मोजणारं) तर बाबा आदमच्या जमान्यातले, आणि एका गेमचं लोडिंग स्ट्रलेनमुळंच रखडलं होतं.

मी लातूरला बसून बाजारभावाच्या आणि पावसाच्या फाइली चाळणारं एक छोटं टूल सांभाळतो, सगळं सी मध्ये, डेटा निम्मा देवनागरी. त्यामुळं हा विषय माझ्या रोजच्या भाकरीचा. एकेक घेऊ.

"आत नुसता फॉर लूप आहे"

नाही. पुस्तकात शिकवायला दिलेला असतो तो फॉर लूप. खरा कोड उघडून बघा, मसल नावाची जी छोटी सी लायब्ररी आहे तिच्यातलं मेमसीएचआर एका पानात मावतं आणि ते साध्या सी मध्येच आहे. आधी पत्ता मशिनीच्या शब्दाच्या हद्दीवर (६४ बिटवर ८ च्या पटीत) येईपर्यंत एकेक बाइट चालायचं, मग ६४ बिटच्या मशिनीवर एका दमात ८ बाइट उचलायचे. आता ८ बाइटमध्ये आपला बाइट आहे का हे एकेक न बघता कसं कळतं, ती गंमत आहे, आणि ही युक्ती अॅलन मायक्रॉफ्ट यांनी १९८७ सालीच मांडलेली आहे.

समजा ओळीत "४१३२,५२०" असा तुकडा आहे, पण अंक साधे आस्की (इंग्रजीचे, दर चिन्हाला एक बाइट), म्हणजे बरोबर ८ बाइट, आणि आपल्याला स्वल्पविराम पाहिजे, त्याचा कोड ४४. आठही बाइटना ४४ नं एक्सॉर करा (बिट सारखे तिथं ०, वेगळे तिथं १). उत्तर येतं २४, २९, ३१, ३०, ०, २५, ३०, २८. जिथं स्वल्पविराम होता तिथंच शून्य. आता प्रत्येक बाइटमधून १ वजा करा, सगळी वजाबाकी एकाच सूचनेत होते. २४ चे २३, २९ चे २८, पण शून्यातून १ गेला की उसना घ्यावा लागतो आणि तिथं २५५ होतं, म्हणजे त्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट पेटतो. उसना पुढच्या बाइटकडून घेतलेला म्हणून २५ चे २३ होतात, पण त्यानं काही बिघडत नाही. मग फक्त वरचे बिट तेवढे ठेवायचे आणि पहिला पेटलेला कुठं ते बघायचं. (शोधलेल्या बाइटच्या लगेच पुढं एक्सॉरनंतर १ आला तर उसन्यामुळं तोही खोटा पेटतो. लिटल एंडियन मशिनीवर (जिथं आधीचा बाइट संख्येच्या खालच्या टोकाला जातो) पहिला पेटलेला तरीही खराच असतो, बिग एंडियनवर उलटं होतं, तिथं जपून.)

यात एक पायरी अजून आहे जी स्वतः लिहिणारे हमखास उडवतात, ती म्हणजे एक्सॉर केलेल्या, वजा करण्याआधीच्या संख्येचे बिट उलटे करून त्यांच्याशी अँड करणं (दोन्हीकडं पेटलेला बिट तेवढाच ठेवणं). इंग्रजी डेटावर ती नसली तरी चालून जातं, कारण आस्कीत वरचा बिट कधी पेटलेलाच नसतो. आपल्या देवनागरीत (यूटीएफ-८ मध्ये, दर अक्षराला तीन बाइट) प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४. त्याला ४४ नं एक्सॉर केलं की २०४, एक वजा केला की २०३, वरचा बिट आधीपासूनच पेटलेला! म्हणजे ती पायरी नसली की प्रत्येक देवनागरी अक्षर "मी स्वल्पविराम, मी स्वल्पविराम" म्हणून हात वर करणार. इंग्रजीवर टेस्ट पास, आणि बीडच्या तालुक्यांची यादी दिली की कल्याण.

हे झालं मसलचं. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी असते ती ग्लिबसी ही मोठी सी लायब्ररी, आणि तिथं असेंब्लीत लिहिलेले वेगवेगळे अवतार आहेत. एसएसई२ (बरेच बाइट एकदम हाताळणाऱ्या सीपीयूच्या सूचना) वाला एका सूचनेत १६ बाइट तपासतो, एव्हीएक्स२ वाला ३२. प्रोग्राम चालू होताना लोडर सीपीयूला विचारतो की बाबा तुला काय काय येतं, आणि त्याप्रमाणं योग्य अवतार जोडून देतो. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पहिल्याच गाडीला दहा वाघिणी होत्या, घागरी नव्हत्या. खेप तर करायचीच आहे, मग एका खेपेत किती आणता हा खरा प्रश्न.

"ओ-३ लावा, कंपायलर बघून घेतो"

हे अर्धं खरं, आणि अर्धं खरं असलेलंच जास्त फिरतं. बेरजेचा लूप असेल तर कंपायलर खरंच बघून घेतो. पण शोधायच्या लूपमध्ये मधूनच बाहेर पडायचं असतं, सापडलं की थांब. कंपायलरनं १६ बाइट एकदम वाचायचं ठरवलं आणि तुमचा लूप तिसऱ्याच बाइटवर थांबणार असला तर पुढचे १३ वाचायचा हक्क त्याला कुणी दिला? पुढचं पान (मेमरीचा साधारण ४ केबीचा तुकडा) मेमरीत नसलंच तर प्रोग्राम कोसळणार. म्हणून जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) वर्षानुवर्षं असे लूप जसेच्या तसे सोडत आलं. २०२४ च्या जीसीसी १४ पासून मधूनच बाहेर पडणारे काही लूप ते घ्यायला लागलंय, पण वाचणं सुरक्षित आहे हे त्याला पटलं तरच. साध्या पॉइंटरवाल्या लूपवर भरवसा ठेवून बसू नका, असेंब्ली काढून डोळ्यानं बघा.

आणि समजा झालं व्हेक्टराइज, म्हणजे बरेच बाइट एकदम हाताळणारं. तुमचं बाइनरी (तयार प्रोग्राम) साध्या एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीच्या ६४ बिट सीपीयू) साठी बांधलेलं असेल तर १६ बाइटच्या पुढं जाणार नाही. नेटिव्ह (फक्त याच मशिनीच्या सीपीयूसाठी) लावून बांधलं तर तुमच्या लॅपटॉपवर झकास आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या पीसीवर "इललीगल इन्स्ट्रक्शन". ही शिक्षा मी एकदा भर मे महिन्यात भोगलीय, एसटीनं जाऊन परत बांधून द्यावं लागलं.

"माझा लूप ० मिलिसेकंद"

लेका, शून्य दिसल्यावरच थांबायचं होतं. डीडीआर४-३२०० मेमरीचा एक चॅनल सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देतो, म्हणजे २५६ एमबी नुसते वाचायलाच साधारण १० मिलिसेकंद गेले पाहिजेत. शून्यात झालं याचा अर्थ वाचलंच नाही. फोटोतला कोड मोठा करून बघितला तर लायब्ररीनं दिलेला पत्ता पुढं प्रिंट केलाय आणि स्वतःच्या लूपचा निकाल कुठंच वापरलेला नाही. कंपायलरनं विचार केला, याच्या उत्तराची कुणाला गरज नाही, मग लूपच कशाला, आणि अख्खा लूप उडवला. मोजलं काय, तर दोन घड्याळांमधलं अंतर.

दुसरी गोम त्याहून बारीक. मेमरी कॅलॉकनं (शून्यांनी भरलेली मेमरी मागणाऱ्या फंक्शननं) घेतलीय आणि तिच्यात काही लिहिलेलं नाही. लिनक्स अशी मेमरी लगेच देत नसतो, हात लावाल तेव्हा देतो. ४ केबीची पानं धरली तर २५६ एमबीत ६५,५३६ पानं, प्रत्येकाला पहिल्यांदा हात लागला की एक पेज फॉल्ट, म्हणजे थांबून ते पान जोडावं लागतं. फोटोत आधी कोण धावलं? लायब्ररी. म्हणजे सगळे फॉल्ट तिच्या खात्यावर, आणि दुसऱ्यासाठी रस्ता मोकळा. वर नुसतं वाचताना ही सगळी पानं एकाच शून्य पानाकडं बोट दाखवत असतात, तेव्हा नंतर धावणाऱ्याला सगळा डेटा कॅशमध्ये (सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीत) आयता. भाच्याला सांगितलं, आधी अख्खा बफर भरून घे, दोन्हीचे निकाल प्रिंट कर, आणि क्रम उलटा करून परत चालव. रात्री अकराला त्याचा मेसेज आला, "मामा, उलटं आलं."

"लायब्ररी बफरच्या बाहेरचं वाचते"

वाचते, हे खरंय. पण ३२ च्या पटीतल्या पत्त्यावरून सुरू होणारा ३२ बाइटचा ठोकळा ४०९६ च्या पानाची शीव ओलांडूच शकत नाही, कारण ४०९६ ला ३२ नं पूर्ण भाग जातो. ठोकळ्यातला एक बाइट जरी तुमच्या मालकीचा असला तरी बाकीचे त्याच पानावर असतात, म्हणून कोसळत नाही, आणि बफरपलीकडं काही सापडलं तर ते धरत नाहीत. हे लायब्ररीला शोभतं, तिच्या लेखकांना मशिन माहीत असते. तुम्ही सी मध्ये तसं केलंत तर मात्र ते भाषेच्या नियमाबाहेर. व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका पकडणारा प्रोग्राम) ओरडत नाही कारण तो मेमसीएचआर आणि स्ट्रलेनच्या जागी स्वतःची फंक्शनं बसवतो. तुमच्या नकलेवर मात्र ओरडू शकतो.

"मेममेम ब्रूट फोर्स आहे, बॉयर-मूर स्वतः लिहा"

ब्रूट फोर्स म्हणजे हरेक जागी ताडून बघणं; बॉयर-मूर उड्या मारत शोधतं, आणि ते १९७७ चं. ग्लिबसीचं मेममेम आज २५६ बाइटपर्यंतच्या तुकड्याला त्याच घराण्यातली सुधारलेली हॉर्स्पूलची पद्धत लावतं आणि त्याहून लांब असेल तर क्रोशमोर आणि पेरँ यांची १९९१ ची टू-वे. मसल २, ३ आणि ४ बाइटच्या तुकड्यांना वेगळी छोटी फंक्शनं देतं, बाकीच्यांना टू-वे. (३ बाइट म्हणजे आपलं एक देवनागरी अक्षर, योगायोगच, पण मला बरं वाटलं.)

ब्रूट फोर्स कुठं होता सांगू का? माझ्याच टूलमध्ये. फाइलीत "बीड" शोधायचं होतं आणि मी हुशारी केली, पहिला बाइट मेमसीएचआरनं शोधायचा आणि सापडला की पुढचं मेमसीएमपीनं ताडून बघायचं. इंग्रजीवर भारी चालतं. बीड म्हणजे बाइटमध्ये २२४ १६४ १७२, २२४ १६५ १२८, २२४ १६४ १६१. पहिला बाइट २२४, आणि देवनागरी मजकुरात दर तिसरा बाइट २२४! बिचारं मेमसीएचआर ३२ बाइटची मोठी पाटी घेऊन यायचं आणि तीन बाइटवर परत फिरायचं. पर्फ (वेळ कुठं जातो ते दाखवणारं टूल) लावून बघितलं तर सगळा वेळ फंक्शनच्या दारातच जात होता, आत येऊन जाऊन. मग २२४ सोडून शेवटचा १६१ शोधायला लागलो, ड सोडून तो फारसा कुठं येत नाही, आणि सापडला की मागं ८ बाइट ताडून बघायचं. लगेच फरक पडला. नंतर कळलं की ग्लिबसीचं मेममेम दोन-दोन बाइटच्या जोडीवरून उडी किती मारायची ते ठरवतं, म्हणजे सरळ तेच वापरलं असतं तरी २२४ चा हा घोळ एवढा झाला नसता. शहाणपण उशिरा येतं.

"गेमचं लोडिंग स्ट्रलेननं रखडलं"

२०२१ चा जीटीए ऑनलाइनचा किस्सा. तिथं स्ट्रलेन स्लो नव्हतं. १० एमबीची जेसन फाइल एसस्कॅनएफनं (मजकुरातून किमती काढणाऱ्या फंक्शननं) वाचायले होते, आणि ते आतून प्रत्येक किमतीसाठी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजायचं. वर ६३ हजार नोंदींत डुप्लिकेट शोधायला दरवेळी सगळी यादी चाळणं. ते काढल्यावर ६ मिनिटांचं लोडिंग १ मिनिट ५० सेकंदांवर आलं. स्ट्रलेन दुप्पट फास्ट केलं असतं तरी हे जमलं नसतं.

आता फोटोवाल्याचं बरोबर कुठं आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा लायब्ररीचा एजंट आहे. फील्ड लहान असतील, भाव, तारीख, तालुक्याचा कोड, दर पाच-सात बाइटला स्वल्पविराम, तिथं लायब्ररीला हाक मारायचा खर्चच कामापेक्षा मोठा होतो. तांब्याभर पाण्याला कुणी रेल्वे बोलवत नाही. अशा जागी साधा फॉर लूप बरोबरीनं धावतो, कधी पुढंही जातो, आणि माझ्याकडं तो होताही.

फक्त त्यातही एकदा आपटलो. एका विक्रेत्याच्या फाइलीत देवनागरी सुरू कुठं होतं ते बघायला मी त्याच लूपमध्ये २२४ शोधत होतो आणि ऑफिसच्या मशिनीवर ते कधी सापडायचंच नाही, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मात्र लगेच सापडायचं. दोन दिवस फाइलीला शिव्या घातल्या. इंटेलवर नुसता कॅर (सी चा एका बाइटचा प्रकार) म्हणजे साइन्ड (उणे आकडेही धरणारा), तिथं २२४ म्हणजे उणे ३२, आणि उणे ३२ कधी २२४ होणार नाही. रास्पबेरी पायचा सीपीयू आर्मचा, आणि आर्मच्या लिनक्सवर कॅर अनसाइन्ड, म्हणून तिथं चालत होतं. मेमसीएचआर स्वतः अनसाइन्ड करूनच तुलना करतं, मानकातच तसं लिहिलंय. तर माझ्या टूलमध्ये ओळी आणि मोठे तुकडे शोधायचं काम लायब्ररीकडं आहे, आणि स्वल्पविरामाच्या जागी अजून माझाच फॉर लूप आहे, फक्त कॅरच्या आधी अनसाइन्ड लावलंय.