अनामितरावांना उत्तर, येडा कोण ते नंतर ठरवू

अनामितराव, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर परत वाचली, आणि म्हटलं आता दोन ओळीत भागायचं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की क्रिप्टो (बिटकॉइनसारखे डिजिटल पैसे) पाठवताना आधी थोडी रक्कम टेस्ट म्हणून पाठवा, ती पोचली की मग उरलेली पाठवा. त्यावर यांचं म्हणणं असं की टेस्ट म्हणजे दुप्पट फी, बिटकॉइनच्या पत्त्यांची (म्हणजे पैसे जिथं पाठवायचे तो अक्षरं-आकड्यांचा खातेनंबरच) माझी माहिती अर्धवट, टॅक्सवर एक शब्द नाही, आणि शेवटी हे, जसंच्या तसं: "पत्ता कॉपी पेस्ट केला की विषय संपला, ज्याचे पैसे चुकीच्या जागी जातात तो येडाच असतो, कोल्हापुरात बसून लोकांना घाबरवायचे धंदे बंद करा."

आधी तुमचं बरोबर आहे ते. बिटकॉइनचा पत्ता १ किंवा ३ ने सुरू होतो एवढंच मी लिहिलं, २०१७ नंतर आलेले बीसी१ वाले पत्ते राहून गेले. मान्य, चूक माझी. बघा, मला चूक मान्य करता येते.

फीचं म्हणाल तर इथेरियमवर (बिटकॉइनसारखंच दुसरं क्रिप्टो नेटवर्क) शंभराचं पाठवा नाहीतर लाखाचं, फी रकमेवर नसते, गर्दीवर असते, ते मलाही कळतं हो. म्हणूनच दोन हजार पाठवणाऱ्याला दुप्पट फी जड जाते, त्याच्यासाठी तो लेख नव्हताच. टॅक्सचं सीएला विचारा, ३० टक्के टॅक्स आणि १ टक्का टीडीएस हे दोन्ही २०२२ पासूनचं आहे, त्यात मी काय नवीन सांगणार. सोडा.

आता ते वाक्य.

"कोल्हापुरात बसून" म्हणजे काय? मुंबईत बसून लिहिलं असतं तर चाललं असतं? राजारामपुरीत माझा नेट कॅफे होता, तेव्हा तुम्ही कुठं होता ते तुम्हीच सांगा (पण सांगणार कसं, अनामित ना). तासावर पैसे घेऊन अर्ध्या पेठेची ईमेल अकाउंटं मी काढून दिली, पासवर्ड विसरून दर आठवड्याला येणारे काकाही बघितले, आणि त्यातल्या एकालाही तोंडावर काय, माघारीसुद्धा येडा म्हटलं नाही. आमचे वडील मार्केट यार्डात गुळाच्या धंद्यात होते. गुजरातला गाडी जायची, एकदा दिवाणजींनी बिल्टीवर भलत्याच पार्टीचं नाव टाकलं, फोनाफोनी झाली, गाडी वाटेत थांबवली, माल योग्य पेढीवर उतरला. दिवाणजी त्याच गादीवर पुढं रिटायर झाले. त्या दिवशी सौदे उशिरापर्यंत चालले होते आणि माणूस दमला होता, एवढंच. क्रिप्टोत फरक काय, तर गाडी थांबवायला वाटेत कुणी बसलेलंच नसतं. ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये (नेटवर्कच्या सामायिक वहीत) गेलं की गेलं, ज्याला मिळालं त्यानं मनानं परत दिलं तरच.

आणि "कॉपी पेस्ट केला की विषय संपला". अहो, कॉपी कुठनं केला? टाईप करताना एखादं अक्षर चुकलं तर वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं-पाठवायचं अॅप) सांभाळून घेतं, ते खरं आहे. बिटकॉइनच्या जुन्या पत्त्यात शेवटी चार बाइटचा चेकसम (पत्ता मोडका नाही ना ते तपासणारा कोड) असतो, चुकून टाईप झालेला पत्ता त्यातनं पास व्हायची शक्यता साधारण ४२९ कोटीत एक. इथेरियममध्ये हेच काम कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांच्या मिसळीवर चालतं, म्हणजे कुणी सगळा पत्ता स्मॉलमध्ये दिला तर ती तपासणी होतच नाही. पण हे सगळं मोडक्या पत्त्यासाठी. धडधाकट पण दुसऱ्याचाच पत्ता तुम्ही पेस्ट केला तर चेकसम खुशाल पास होतो. कॉम्प्युटरमध्ये क्लिपबोर्ड बदलणारा व्हायरस असला तर कॉपी तुमचा पत्ता होतो आणि पेस्ट चोराचा.

त्याहून वाईट म्हणजे हिस्टरीतनं कॉपी करणारे. इथेरियमचा पत्ता सुरुवातीचं झिरो एक्स (0x) धरून ४२ अक्षरांचा, वॉलेट दाखवतं सुरुवातीची चार-सहा, मग टिंबं, मग शेवटची चार. चोर नेमका तेवढाच जुळणारा पत्ता कॉम्प्युटरवर तयार करून घेतो आणि तिथनं तुम्हाला शून्य रकमेचं ट्रान्झॅक्शन करतो, म्हणजे तो तुमच्या यादीत येऊन बसतो. मे २०२४ मध्ये एकाचे असेच १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) गेले, तेव्हाच्या भावानं जवळजवळ ७ कोटी डॉलर. तोही येडाच का? नशीब त्याचं, बोलाचाली होऊन चोरानं काही दिवसांत बहुतेक सगळं परत केलं. आता तुम्ही लगेच उड्या माराल की त्यानं तर आधी टेस्ट पाठवली होती. हो, पाठवली होती. टेस्ट बरोबर पत्त्यावर गेली आणि मोठी रक्कम पाठवताना यादीतनं भलताच पत्ता उचलला. म्हणजे टेस्ट आणि खरी रक्कम दोन्हीला पत्ता मूळ जागेवरनंच घ्यायचा, नाहीतर वॉलेटच्या अॅड्रेस बुकमध्ये सेव्ह करून तिथनं, आणि मधली अक्षरंही बघायची. हे मागच्या लेखात हवं होतं, तुम्ही नीट विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं.

"तुमचेच पैसे बुडालेले दिसतात" असाही एक टोमणा आहे मध्येच. बुडाले नाहीत, अडकले. २०२१ मध्ये एका एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीची वेबसाइट) एक्सआरपी (आणखी एक क्रिप्टो) पाठवले, पत्ता शंभर टक्के बरोबर, कॉपी पेस्टच, पण डेस्टिनेशन टॅग टाकायचा राहिला. तिथं सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून पत्ता एकच असतो, कुठला माल कुणाचा ते टॅगवरनं कळतं, जसा ट्रान्सपोर्टच्या गोदामात बॉक्सवरचा मार्का. मार्का नाही तर माल गोदामात पडून. तीन आठवडे मेल, स्क्रीनशॉट, परत मेल, मग जमा झाले. त्या तीन आठवड्यांत घरी कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथं पहिल्यांदाच लिहितोय, तेही तुमच्यामुळं.

नेटवर्कचं तर तुम्ही नावच घेतलं नाही. इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन, या तिन्ही नेटवर्कवर तोच झिरो एक्सचा पत्ता चालतो, म्हणजे पत्ता बरोबर आणि रस्ता चुकीचा असं होऊ शकतं. स्वतःच्या वॉलेटवर गेलं तर नेटवर्क बदलून सापडतं, एक्स्चेंजवर गेलं आणि त्यांच्याकडं ते नेटवर्क नसलं तर बसा त्यांच्या दारात. ट्रॉन नेटवर्कचा पत्ता निदान टी ने सुरू होतो, डोळ्याला तरी कळतो.

घाबरवायचा धंदा म्हणालात. धंदा असता तर ह्या लेखांचे पैसे तरी मिळाले असते.

बीसी१ ची ओळ सकाळीच दुरुस्त केली आहे, जाऊन बघा. खाली आभार मानून तुमचं नाव टाकणार होतो, पण ते तुम्ही दिलेलंच नाही.