चिडका बिब्बा आपल्याला फाइल पाठवू इच्छितो

आज सकाळी इस्त्रीवाल्याने कपड्यांचा गठ्ठा हातात दिला आणि म्हणाला, "बिब्बासाहेब, दोन पँटी उद्या देतो." त्याचा दोष नाही. त्याला वाटतंय ते माझं आडनाव आहे.

झालं ते रविवारी. आमच्या सोसायटीची सभा होती. इमारत ठाण्याच्या नौपाड्यातली, तीन मजली, बिनलिफ्टची, वयाने माझ्याएवढी. विषय अर्थातच पुनर्विकास. नौपाड्यात हल्ली दोन माणसं भेटली की "कसं काय?" विचारत नाहीत, "तुमचं कुठवर आलं?" विचारतात. बिल्डरने नव्या इमारतीची फिल्म पाठवली होती आणि ती माझ्या फोनमध्ये होती, कारण गेल्या वर्षीच्या सभेत मी शिंक आवरायला हात वर केला आणि खजिनदार झालो. साडेसहाशे एमबीची फिल्म. ती माझ्या फोनमधून सेक्रेटरींच्या लॅपटॉपमध्ये न्यायची, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला, आणि प्रोजेक्टरचा झोत मागच्या अंगणात दोन खिळ्यांना बांधलेल्या चादरीवर. फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर. मधलं अंतर एक वीत.

मी शेअरचं बटण दाबलं. लॅपटॉपचं नाव आलं. त्यावर बोट ठेवलं. आणि समोरच्या सहा फुटी चादरीवर भला थोरला चौकोन उगवला. बाकी मजकूर इंग्रजीत होता, नाव तेवढं ठळक देवनागरीत. मराठीत सांगायचं तर: चिडका बिब्बा आपल्याला एक फाइल पाठवू इच्छितो. स्वीकारा. नाकारा.

अंगण शांत झालं.

"हा कोण?" दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी विचारलं. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी हयात खांबावर नाहीतर खांबाखाली गेली. वायरीशिवाय जे येतं त्याला ते अजूनही अफवाच समजतात.

"कोणीतरी बाहेरचा दिसतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"सभा सदस्यांची आहे. नाकारा."

"नाकारा, नाकारा," मीही जबाबदार माणसाच्या आवाजात म्हणालो. "हल्ली डिजिटल अरेस्टचे प्रकार फार वाढलेत. अनोळखी काही आलं तर हात लावायचा नाही."

सेक्रेटरींनी नाकारलं. माझ्या फोनवर आलं, फाइल पाठवता आली नाही. "रेंज नाही वाटतं," असं म्हणून मी पुन्हा बटण दाबलं.

"आला! परत आला!" पहिल्या रांगेतल्या वहिनी अक्षरशः किंचाळल्या.

"निर्लज्ज आहे," अण्णा उठून उभे राहिले. "एकदा नाही म्हटलेलं कळत नाही? नाव बघा काय धारण केलंय! आपल्या कामात बिब्बा घालायला आलाय आणि ते लपवतसुद्धा नाही!"

"दुसऱ्या बिल्डरचा माणूस असेल," मागून कोणीतरी म्हणालं. झालं. पुनर्विकासाच्या सभेत एकदा 'बिल्डरचा माणूस' हे शब्द उच्चारले गेले की पुढचा अर्धा तास कुत्रंसुद्धा संशयातून सुटत नाही. तळमजल्यावरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "बघू तरी उघडून. कॉर्पस, म्हणजे सभासदाला द्यायची रोख रक्कम, जास्त देत असेल तर?"

"अजिबात नाही!" अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तो कागद ते अंघोळीलाही नेत असावेत. "सहकार कायद्याचं एकोणऐंशी-अ वाचा! निविदा बंद लिफाफ्यात आली पाहिजे. अशी चादरीवर येऊन चालणार नाही!"

सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा नाकारलं. मीही मान डोलावली. म्हणजे मी माझीच फाइल दोनदा फेटाळली आणि एकदा तर त्यासाठी छोटंसं भाषणही केलं. तिसऱ्यांदा बटण दाबायला बोट उचललं, तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते. ते सावकाश चालत आले आणि फोन आणि लॅपटॉपच्या मध्ये उभे राहिले.

"दाब."

दाबलं. चादरीवर बिब्बा.

"आता दाबू नकोस." सगळ्यांनी श्वास धरला. चादर कोरी.

"दाब."

बिब्बा.

"लाइन टेस्ट झाली," अण्णांनी सभेला सांगितलं. "एक्स्चेंजमध्ये काही नाही. फॉल्ट सब्स्क्रायबरच्या टोकाला आहे."

सब्स्क्रायबर म्हणजे मी. माझी लेक शेवटच्या रांगेत खुर्चीवरून खाली खाली घसरत चालली होती, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीत फोन नवीन घेतला, तेव्हा 'सेटिंग तू करून दे' म्हणून मीच तो तिच्या हातात दिला होता. फोनला नाव द्यावं लागतं हे मला माहीत नव्हतं. तिला होतं.

बेचाळीस माणसांसमोर उभं राहून "तो बिब्बा मी आहे" हे वाक्य म्हणावं लागणं काय असतं, ते ज्याने म्हटलंय त्यालाच कळेल. अशी माणसं फार नसावीत. बायकोकडे आधारासाठी पाहिलं. ती शेजारणीला सांगत होती, "घरात आम्ही हेच म्हणतो."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा म्हणजे ते काळं, टणक फळ. अंगाला लागलं तर उततं, आणि धोबी त्याच्या तेलाने कपड्यावर खूण करत. कपडा विरतो, फाटतो, त्याचं पायपुसणं होतं, पण खूण जात नाही. मला भीती वाटते ती याचीच. ज्या ब्लूटूथने हा घोळ घातला त्याचं नावही असंच एका टोपणनावावरून आलंय. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता. त्याच्या दाताच्या रंगावरून त्याला ब्लूटूथ म्हणत, म्हणे. त्याने डेन्मार्कमधल्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचं नाव दिलं. फोनवरची ती ब्लूटूथची खूण म्हणजे त्याच्या नावाची जुन्या लिपीतली आद्याक्षरं. राज्य गेलं, टोळ्या गेल्या, हजार वर्षं उलटली, आणि माणूस दातावरून ओळखला जातोय. मी तर नुसता खजिनदार.

असो. ओळख पटल्यावर सेक्रेटरींनी एकदाचं 'स्वीकारा' दाबलं. गोल फिरू लागला. फिरतच राहिला. शून्य टक्के.

इथे मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. नंतर समजलं ते असं: या प्रकारात यंत्रं एकमेकांना शोधतात ती ब्लूटूथवर, आणि फाइल जाते वायफायवर. म्हणजे बदनामीला एक रस्ता आणि कामाला दुसरा. बदनामीचा रस्ता कायम मोकळा! माझं नाव पहिल्या सेकंदाला सहा फुटी होऊन पोहोचलं, आणि फाइल टेबलावरची एक वीत ओलांडेना.

मग काय, सल्ले सुरू. फोन आडवा धरा. फोन उंच धरा (हे अण्णा). विमानाचं चिन्ह लावून काढा. लॅपटॉप बंद करून चालू करा. तो बंद करून चालू केला तर तो अपडेट व्हायला बसला, त्यात चहा झाला. मधल्या वेळात कोणीतरी वॉचमनची केबल आणली. जोडली. फोन मजेत चार्ज होऊ लागला, लॅपटॉपला पत्ताच नाही. ती नुसती चार्जिंगची केबल होती. डेटाच्या तारा आत घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून दोन्ही केबली जुळ्या भावांसारख्या. पेनड्राइव्ह आला, त्याचं तोंड जुन्या वळणाचं, माझ्या फोनचं भोक नव्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकावं तर ते पिळून चिंधी करतं. डॉक्युमेंट म्हणून टाकलं तर दोन जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं, पण अंगणात माझ्या फोनची रेंज एक काडी. आणि मला सांगा, या टेबलावरची वस्तू याच टेबलावर ठेवायला आधी कुठल्यातरी परमुलखातल्या सर्व्हरवर चढवायची आणि तिथून परत उतरवायची, हा कुठला न्याय?

शेवटी साधं ब्लूटूथ करून पाहिलं. वेळ दाखवला: ४८ मिनिटं.

ठाणेकराला हे सांगता? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन, ३४ किलोमीटर तोडून, त्याच दिवशी आमच्या ठाण्यात पोहोचलीसुद्धा. तेव्हा ना वायफाय होतं, ना सेटिंग. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. इंजिनांची नावं बघा! त्यांना कोणी चिडका बिब्बा म्हटलं नाही.

आणि यात गंमत काही नाही, वैताग आहे. जवळच्या यंत्राला बिनतारी फाइल द्यायला ॲपलने एअरड्रॉप आणलं २०११ मध्ये, पण ते ॲपलच्या यंत्रांपुरतं. गूगलने त्यांचं नियरबाय शेअर आणलं २०२० मध्ये. सॅमसंगचं क्विक शेअर वेगळंच होतं, ती दोन्ही २०२४ मध्ये एक झाली. गूगलच्या पिक्सेल १० फोनवरून आयफोनशी एअरड्रॉप होतं हे जाहीर व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. एका फोनने शेजारच्या फोनला फोटो द्यायला चौदा वर्षं! मध्ये आपल्याकडे शेअरइट आणि झेंडर होती, जाहिराती भरपूर पण काम व्हायचं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात तीही गेली. प्रत्येकाने आपापली विहीर खणली, आणि एकाच्या विहिरीत दुसऱ्याचा पोहरा चालत नाही. आपण मात्र हप्ते भरून पोहरे विकत घेतोय.

"बाबा," शेवटच्या रांगेतून, खुर्चीच्या पातळीवरून आवाज आला. "लॅपटॉप कुठल्या वायफायवर आहे?"

सेक्रेटरींनी पाहिलं. सोसायटीच्या ऑफिसातल्या राउटरची दोन नावं. एक खरं, एक पाहुण्यांचं. खऱ्याचा पासवर्ड सेक्रेटरी विसरले होते, म्हणून लॅपटॉप पाहुण्यांच्यावर. आणि पाहुण्यांच्या वायफायचा नियमच असा की प्रत्येकाला इंटरनेट मिळेल, पण एका यंत्राला दुसरं दिसणार नाही. परक्याने येऊन घरातली कपाटं उघडू नयेत म्हणून केलेली ती सोय. नळ एक, पण पाणी भरणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावर हे गेली अकरा वर्षं चालू आहे, राउटरशिवाय.

लेकीने माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप त्यावर घेतला. चादरीवर पुन्हा बिब्बा. (हॉटस्पॉटचंही नाव तेच. त्यावर दुसऱ्यांदा हशा.) यावेळी गोल न फिरता पट्टी धावली आणि फाइल पाऊण मिनिटात पोहोचली.

फिल्ममध्ये निळा तलाव होता, दोन हंस होते, कुत्रा फिरवणारी गोरी बाई होती. "यात नौपाडा कुठाय?" असं अण्णांनी विचारलं आणि सभा पार्किंगवर घसरली. ठराव पुढच्या महिन्यावर. फिल्म पुन्हा दाखवा अशी सूचना आली, तिला अनुमोदनही मिळालं, पण ते फिल्मसाठी नव्हतं हे चेहऱ्यांवर दिसत होतं.

घरी आल्यावर लेकीला काय बोलायचं ते जिन्यातच ठरवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, चिडू नका ना." आता यावर चिडावं तर कसं?

आज संध्याकाळी दाराची बेल वाजली. अण्णा. हातात फोन.

"अरे, जरा बघ रे, माझ्या फोनचं नाव काय आहे?"

सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. कंपनीने दिलेलं मॉडेल. अक्षरं, आकडे, पुन्हा एक अक्षर.

"एवढंच?" अण्णांचा चेहरा पडला. खुर्चीत बसले. पाणी प्यायले. "खात्यात मला कोणी नाव ठेवलं नाही. छत्तीस वर्षं. साहेबांना नावं होती, ऑपरेटर बायकांना होती. मला नुसतं लाइनवाला." मग थोडं थांबून म्हणाले, "तू ठेव की काहीतरी. तुम्ही लेखकबिखक आहात. तुझं बघ कसं, सगळ्यांच्या तोंडी झालं."

मी चष्मा लावला आणि टाइप केलं: राँग नंबर. सर्वांना दिसू दे वर टिचकी मारली. खाली 'फक्त १० मिनिटांसाठी' असा पर्याय होता, तो बंद ठेवला.

"काय लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

"पुढच्या सभेत चादरीवर बघा," मी म्हणालो.