गिटारची पाठ बघू नका

गिटार घ्यायची ठरलीच असेल, तर आधी एक पथ्य पाळा: दुकानात ती उलटी करू नका. समोर हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, अमेरिकन नाव सोनेरी अक्षरांत झळकतंय ना? तेवढं पुरे. मागं बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडोनेशिया’ लिहिलेलं असतं, ते वाचलं की जेवण गोड लागत नाही.

आमच्या भाच्यानं हीच चूक केली. बारावीला बरे टक्के पडले म्हणून मामानं, म्हणजे मीच, पैसे दिले होते. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी आल्यावर पुसायला म्हणून त्यानं गिटार उलटी केली आणि तोंड पाडून बसला. “मामा, ही अमेरिकेची नाहीच.” मी म्हटलं, “अरे, तू तरी कुठं अमेरिकेचा आहेस?” दोन दिवस बोलला नाही.

तुम्ही असे उघडे पडू नका. थोडा अभ्यास ठेवा, म्हणजे काय लपवायचं ते कळतं. इंडोनेशियात सुराबायाला कोर-टेक या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. पीआरएस या अमेरिकन कंपनीच्या स्वस्तातल्या एसई मालिकेतल्या बहुतेक गिटारी तिथल्या, इबानेझच्या बऱ्याच गिटारी तिथल्या, आणि कंपनीचा स्वतःचा कॉर्ट ब्रँडही तिथलाच. चूल एक, पंगती वेगळ्या. म्हणूनच एसईवाल्यानं कॉर्टवाल्याशी बोलताना भुवई जरा वरच ठेवावी, नाहीतर जास्तीचे पैसे वसूल व्हायचे कसे? आता फरक अजिबात नसतो असं नाही. लाकूड कुठलं, तारांचा आवाज पकडणारे पिकअप कुठले, दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं हाताला टोचू नयेत म्हणून घासायला किती वेळ द्यायचा, हे माल करून घेणारा ब्रँड ठरवतो आणि तसा दर मोजतो. पण हे चारचौघांत बोलू नका, रंगाचा बेरंग होतो. ‘टोन’ म्हणा आणि डोळे मिटा.

नाक कुठल्या देशाला मुरडायचं, हे मात्र पंचांग बघून ठरवा. 1982 मध्ये फेंडर या अमेरिकन कंपनीनं जपानात, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडून गिटारी करून घ्यायला सुरुवात केली. त्यातल्या सुरुवातीच्या, ‘जेव्ही’ नंबराच्या स्क्वायर (हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) आज संग्राहक शोधत फिरतात. पुढं कोरियन मालाला नावं ठेवून झाली; आता तेच लोक ‘कोरियन होती ती काय गिटार होती’ म्हणून उसासे टाकतात. सध्या पाळी इंडोनेशिया आणि चीनची आहे. मी भाच्याला सांगितलं, हीच गिटार माळ्यावर टाक आणि 2060 साली ‘अस्सल सुराबाया’ म्हणून विक.

हे कारखाने देश का बदलतात, ते विचारू नका. कॉर्टनं 2007 मध्ये कोरियातलं उत्पादन बंद केलं, कामगार रस्त्यावर आले आणि समझोता व्हायला 2019 उजाडलं. असलं काही आठवत बसलात तर ताल चुकतो. आणि ती बारा वर्षं सिरियल नंबरात कुठं दिसतही नाहीत.

खरं तर सांगलीकराला हे जड जायचं कारण नाही. कर्नाटकातली हळद मार्केट यार्डाचा उंबरा ओलांडून आत आली की सांगलीची होते, हे आपण लहानपणापासून बघतोय. आपली हळद ती आपली, दुसऱ्याची गिटार मात्र डुप्लिकेट.

शेवटचं पथ्य सगळ्यात कडक: मिरजेला जाऊ नका. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून कौतुकानं मी भाच्याला घेऊन गेलो आणि फसलो. गल्लीतल्या एका दुकानात एक म्हातारे चाचा तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेची गुंज जुळवत बसले होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, नापसंतीनं परत कानस. अर्धा तास हेच. बाजूला रिकामा भोपळा, भुशात माखलेल्या खुंट्या, गार झालेला चहा. कुणाचं नाव म्हणून कुठं दिसेना.

भाच्याला राहवलं नाही. “चाचा, हा कुठल्या ब्रँडचा?”

चाचांनी कानस खाली ठेवली. “बाहेरच्या दुकानाची ऑर्डर आहे. त्यांची पाटी आली की लावायची.” मग त्याच्याकडं नीट बघून म्हणाले, “तुमचं दुकान कुठलं, बाळा? कुणाचं नाव घालू?”