‘अर्धा कप चहासाठी परत पाठवलं’: या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार दिलाय आणि चार तक्रारी लिहिल्यात. बाबांच्या दाढा गुंगी देऊन काढायच्या होत्या, पण सकाळी त्यांनी ‘फक्त अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं’ घेतली म्हणून पहिल्या दिवशी आम्ही त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या वेळी शिरेतून गुंगीचं औषध देऊनही ते ‘जागेच होते, बोलणं ऐकू येत होतं’, आणि वर हिरडीत सुया टोचल्याच. भूलतज्ज्ञाचे पैसे वेगळे लावले. काम झाल्यावर ‘उगाच तासभर बसवून ठेवलं, स्कूटरवर न्यायलाही मनाई केली’. बाबांच्या तब्येतीबद्दल मी इथे काहीच लिहिणार नाही, ते त्यांचं खासगी आहे. तुम्ही स्वतः जे मांडलंय तेवढ्यावरच बोलते.

आधी चहा. तुमची एक सुट्टी फुकट गेली आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक दोनदा झेलावं लागलं, हे मला कळतं. तरी उद्या कुणी तसाच चहा घेऊन आलं तर मी त्यांनाही परतच पाठवीन. गुंगीत असताना गिळण्याची, खोकण्याची, ठसका लागून घसा मोकळा करण्याची शरीराची सवय मंदावते. अशा वेळी उलटी झाली तर पोटातलं अन्न आणि आम्ल श्वासनलिकेतून फुप्फुसात जाऊ शकतं. दातांच्या कामात तर तोंडात आधीच पाणी आणि रक्त असतं, आणि ज्या वाटेने माणूस श्वास घेतो तिथेच आमची हत्यारं चालू असतात. म्हणून साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दूध किंवा हलकं खाणं ६ तास आधी बंद. तळलेलं, तेलकट असेल तर ८ तास. हे आमच्या मनाचे आकडे नाहीत, अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे आहेत, आणि आमच्याकडे येणारे भूलतज्ज्ञ तेच पाळतात.

‘चहा म्हणजे पाणीच की’ हे जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. कोरा चहा असेल तर ते खरंही आहे. पण आपला चहा दुधाचा असतो, आणि दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं. पोटाच्या हिशेबात ते जेवणच. युरोपातल्या सूचनांत थोडंसं दूध घातलेल्या चहाला सूट आहे, पण त्यांचं थोडंसं म्हणजे कपाचा पाचवा हिस्सा. आपल्याकडे अर्ध्याला अर्धं असतं! आणि दोन बिस्किटांना तर त्या सूचनांतही सूट नाही. ब्रिटनमध्ये हलक्या गुंगीच्या दंतोपचाराला सगळ्यांना सरसकट उपाशी ठेवत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. आम्ही ठेवतो, कारण गुंगी ठरवल्यापेक्षा खोल जाऊ शकते आणि ती कुणाची जाईल हे आधी सांगता येत नाही.

आता ‘जागेच होते’. इथे मात्र मला तुमचं म्हणणं उलटं धरायचंय: ते जागे होते म्हणजे सगळं हवं तसं चाललं होतं. गुंगीच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर माणूस नुसता निवांत होतो. दुसरीवर झापड येते, पण ‘काका, तोंड मोठं उघडा’ म्हटलं की तो उघडतो, आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो. तिसरीवर हाक मारून भागत नाही, गदागदा हलवावं लागतं, आणि श्वासाला मदत लागू शकते. चौथी म्हणजे पूर्ण भूल. दाढा काढायला आम्हाला दुसरी पायरी हवी असते. त्यासाठी बहुतेकदा मिडाझोलम नावाचं गुंगीचं औषध वापरतात. ते थोडं थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं, मग पुढचं. साठीच्या पुढच्या माणसाला डोस कमी आणि थांबणं जास्त. कुणाला पहिल्याच थोड्याशा डोसात झापड येते, कुणी बराच वेळ क्रिकेटवर गप्पा मारतं. पूर्ण झोपवणं ज्यांना खरंच गरजेचं आहे त्यांना आम्ही ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलात पाठवतो; खुर्चीत ते करत नाही.

आणि सुया. मिडाझोलम भीती घालवतं, दुखणं नाही. दाढेची नस बधिर करायला हिरडीतलं इंजेक्शन लागतंच. या औषधाचा एक गुण असा की त्यानंतरचा बराचसा भाग आठवत नाही, पण कुणाला किती विसरायला होईल याची हमी कुणी देऊ नये. बाबांना आवाज आठवतात. दुसऱ्या एखाद्याला खुर्चीत बसल्याचंही आठवणार नाही. दोन्ही ठीक. ‘काहीही कळणार नाही’ असं छापलेली जाहिरात दिसली तर तिथे आधी हे विचारा की गुंगी देणार कोण आणि तेवढा वेळ पेशंटकडे बघणार कोण.

पैशांचा मुद्दा तिथूनच निघतो. दाढ काढणाऱ्याची नजर दाढेवर असते, असायलाच हवी. मॉनिटरवरचा ऑक्सिजन, नाडी, बीपी, छातीची हालचाल बघायला वेगळा डॉक्टर, म्हणजे भूलतज्ज्ञ, लागतो, आणि तो फक्त तेवढ्याच कामासाठी आलेला असतो. लेखी अंदाजपत्रकात त्यांची फी वेगळ्या ओळीत होती. ती आम्ही आमच्या बिलात मिसळत नाही.

तासभर बसवण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘उतरवायचं इंजेक्शन असतं ना, मग ते का नाही दिलं?’ असतं. फ्लुमाझेनिल. ते आमच्या ट्रेमध्ये कायम असतं, पण अडीअडचणीसाठी. त्याचा असर मिडाझोलमपेक्षा लवकर संपतो. म्हणजे माणूस टक्क जागा होतो, घरी निघतो, आणि वाटेत उतारा ओसरला की गुंगी पुन्हा चढू शकते. लवकर सोडण्यासाठी ते देणं म्हणजे नेमकं उलटं काम. त्यापेक्षा बसवून ठेवलेलं बरं: बीपी जागेवर आहे, आधाराशिवाय चालता येतंय, मळमळ नाही, मग सुट्टी.

स्कूटरबद्दल मी वाद घालणार नाही. गुंगीतला माणूस मागे बसवून माजिवड्याच्या गर्दीतून न्यायचा, हे मला कोणी पटवू शकणार नाही. रिक्षा किंवा कार, आणि शेजारी घरचं मोठं माणूस. कळवा-मुंब्र्याहून येणाऱ्यांनाही त्या दिवशी लोकल नको असंच सांगतो. पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही, गॅसपाशी एकट्याने उभं राहायचं नाही, दारूला हात लावायचा नाही, बँकेच्या किंवा घराच्या कागदांवर सही नाही आणि कुणाला ओटीपी सांगायचा नाही. ‘बाबांना काही न सांगता सगळं मलाच ऐकवत बसले’ असं तुम्ही म्हणता, त्याचं कारणही तेच: त्यांना सांगितलेलं त्या संध्याकाळी त्यांच्या लक्षात राहिलंच नसतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट लिहिते, कारण तिच्यावरून रोज गोंधळ होतो. गोळ्यांबद्दल आधी बोला. बीपीची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्यासोबत चालते. डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने बंद करू नका. आठवड्याला एकदा घ्यायची वजन कमी करण्याची इंजेक्शनं चालू असतील तर जरूर सांगा. त्यांनी पोट रिकामं व्हायला उशीर लागतो, मग सहा तासही पुरतीलच असं नाही. झोपेची गोळी, रोजची दारू, मिश्री, तंबाखू यांतलं काही लपवू नका, आम्ही घरच्यांना चुगली करत नाही. आणि रात्री जोरात घोरत असाल, घोरताना मधेच श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर ते सगळ्यात आधी सांगा. अशा पेशंटला खुर्चीत गुंगी द्यायची की नाही, इथूनच आमचा विचार सुरू होतो.

बाबांचे टाके काढायचे आहेत, त्याला ना सुई लागते ना उपास. चहा पिऊन आणा. त्या दिवसाच्या मॉनिटरच्या नोंदी आणि कुठलं औषध किती वाजता किती दिलं तो कागद फाइलमध्ये आहे. रिसेप्शनला सांगून त्याची प्रत घ्या. त्यानंतरही एकच स्टार ठेवावासा वाटला तर ठेवा.

– दंतशल्यचिकित्सक आणि क्लिनिकची मालक, नौपाडा, ठाणे