आधी पूल हॉल, मग माओ

अमेरिकेतल्या आशियाई डाव्या गटांचा विषय निघाला की ‘माओच्या नादी लागलेली पोरं’ म्हणून लोक मोकळे होतात. पण ती त्याच्या नादी लागली कशी, हे कुणी विचारत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली रेड गार्ड पार्टी घ्या. साल १९६९. तिचं मूळ कुठल्या अभ्यासमंडळात नाही, ‘लीवे’ नावाच्या पूल हॉलमध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ चालणाऱ्या अड्ड्यात आहे. अमेरिकेतच जन्मलेल्या, हाताला काम नसलेल्या चिनी पोरांनी तो चालवलेला. पूलची टेबलं, पिनबॉलची मशिनं आणि वरचेवर टपकणारे पोलीस. खाडीपलीकडे ओकलंडला ब्लॅक पँथर ही काळ्यांची लढाऊ संघटना; तिची माणसं १९६६ पासून पोलिसांबद्दलच बोलत होते. ती या अड्ड्यावर येऊ लागली. माओचं लाल पुस्तक चिनी पोरांना वाचायला लावलं ते काळ्या पँथरांनी! (१९७२ ला मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली, तीही याच पँथरांवरून.)

बाहेरच्यांना चायनाटाउन म्हणजे कंदील आणि चॉप सुई. आत एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं आणि क्षयाचा सुळसुळाट. तरी मोठी माणसं गप्प. चिनी माणसांना अमेरिकेत येऊ न देणाऱ्या १८८२ च्या बंदी कायद्यामुळे कितीतरी जण अमेरिकेचा नागरिक असलेल्या दुसऱ्या कुणाचा मुलगा असल्याचे खोटे कागद करून आले होते. १९५६ पासून सरकार त्यांच्याकडून कबुल्या घेऊ लागलं. तोंड उघडलं की कागद निघणार! वर पुढारी संघटनांवर कुओमिंतांगचा, म्हणजे माओच्या विरोधातल्या, तैवानला गेलेल्या चिनी पक्षाचा वचक. अशा वस्तीत, पोर्ट्समथ चौकात, या पोरांनी लाल चीनचा झेंडा फडकवला. थोरामोठ्यांची पाचावर धारण बसली असणार.

कामं मात्र साधी. मुलांना फुकट नाश्ता, बंद पडू घातलेलं टीबी तपासणी केंद्र वाचवणं.

नावाबद्दल मात्र मी त्यांना सूट देणार नाही. हे नाव मिरवायच्या तीन वर्षं आधीच चीनमधले रेड गार्ड, म्हणजे माओची तरुण पोरांची फौज, स्वतःच्या शिक्षकांना बदडून काढत होते. चीनमधून हाँगकाँगमार्गे निसटून आलेली माणसं याच गल्ल्यांत राहायची. त्यांच्याशी दोन शब्द बोलले असते तरी पुरे होतं.

१९७१ मध्ये हा गट न्यूयॉर्कच्या ‘इ वॉर कुएन’ या तिथल्या चायनाटाउनमधल्या तशाच गटात विलीन झाला. तोही १९६९ चाच, तोही दारोदार टीबीची तपासणी करत फिरलेला. वस्ती ‘बघायला’ येणाऱ्या टुरिस्ट बसांवर त्याचा भारी राग. १९७८ ला आणखी एक विलीनीकरण, नवं नाव लीग ऑफ रेव्होल्युशनरी स्ट्रगल. तिथून पुढची ‘खरा मार्क्सवादी कोण’ ही भांडणं मला वाचवत नाहीत.