परदेशात चॅनेल दिसत नाही, ते सरकारमुळेच असं नाही

‘सीमा ओलांडली की ऑनलाइन टीव्ही बंद पडतो, कारण तिथलं सरकार तो अडवतं,’ असा मेसेज फिरतोय. सरकारी बंदी काही देशांत असते, नाही असं नाही. पण ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही पाटी बहुतेक वेळा त्या सेवेनेच लावलेली असते. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात. एकाच सामन्याचे हक्क या देशात एकाकडे, शेजारी दुसऱ्याकडे. पहिल्याने तिकडे दाखवला की करार मोडला. कधी तर अडचण मालिकेची नसतेच, एखाद्या प्रसंगात मागे वाजणाऱ्या गाण्याच्या हक्कांची असते! आणि तुम्ही कुठे आहात हे ठरतं आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, पासपोर्टवरून नव्हे.

‘पैसे भरलेत म्हणजे कुठेही दिसायलाच हवं,’ हे मेसेजमधलं दुसरं वाक्यही सरसकट खरं नाही. युरोपीय संघात मात्र १ एप्रिल २०१८ पासून तसा नियम आहे: संघातल्याच दुसऱ्या देशात तात्पुरतं गेलात, तर सशुल्क सेवा घरच्यासारखीच मिळते. फुकट सेवांना तो ऐच्छिक आहे. कायमचं स्थलांतर केलंत तर ही सवलत लागू नाही.