नियम दोघांनाही पाठ असतात, मग घोडं अडतं कुठं?

कार्ड गेम खेळणाऱ्यांचं भांडण जरा कान देऊन ऐका. दोघंही नियमच सांगत असतात, आणि बऱ्याचदा दोघांचेही नियम बरोबर असतात. तरी आवाज चढलेले असतात, कारण वाद नियमाचा नसतोच. कोण आधी बोललं, समोरच्यानं नक्की कशाला ‘ओके’ म्हटलं, आणि दुसरं कार्ड आलं तेव्हा पहिलं लागू झालं होतं की नुसतंच टेबलावर पडलं होतं, यावरून सगळं पेटलेलं असतं. माझं मत सरळ आहे. टायमिंगच्या भांडणात नियमावर बोट ठेवण्याआधी डाव आत्ता नेमका कुठं आहे ते ठरवा. ते ठरलं की नियम बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

‘मॅजिक: द गॅदरिंग’मधलं अगदी बाळबोध उदाहरण घेऊ. तुमच्याकडं २/२ ताकदीचं अस्वल आहे, म्हणजे दोन डॅमेज देणारं आणि दोन खाल्ले की मरणारं. समोरच्याच्या हातात लाइटनिंग बोल्ट, म्हणजे तीन डॅमेज. तुमच्या हातात जायंट ग्रोथ, म्हणजे टर्न संपेपर्यंत +३/+३. त्यानं बोल्ट टाकला आणि तुम्ही उत्तरादाखल ग्रोथ टाकली, तर स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायची वाट बघणाऱ्या कार्डांच्या चळतीत, ग्रोथ वर आणि बोल्ट खाली. वरचं आधी सुटतं, म्हणजे लागू होतं. अस्वल ५/५ होतं, तीन डॅमेज खातं आणि जगतं. आता उलटं करा. ग्रोथ तुम्ही आधी टाकली आणि त्यानं उत्तरादाखल बोल्ट मारला. या वेळी बोल्ट वर आहे. अस्वल अजून २/२च आहे, ते मरतं. ग्रोथचं टार्गेटच उरत नाही, म्हणून तीही फुकट जाते. कार्डं तीच, माणसं तीच, फक्त क्रम बदलला की निकाल फिरला.

(नव्या खेळाडूंना इथं हमखास एक शंका येते. टर्न संपताना ग्रोथ उतरेल, अस्वल परत २/२ होईल आणि अंगावरचे तीन डॅमेज त्याला मारतील, नाही का? नाही. डॅमेज पुसलं जाणं आणि ‘टर्न संपेपर्यंत’चे परिणाम उतरणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात. नियम लिहिणाऱ्यांनी हे भांडण आधीच ओळखून ठेवलं होतं.)

इथपर्यंत कुणाचाच वाद नसतो. वाद पुढं होतो. अस्वल हल्ल्यावर आहे, त्याला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही ग्रोथ टाकता, त्याच दमात ‘पाच डॅमेज’ म्हणता आणि समोरच्याचं लाइफ कमी करून वहीत लिहूनही टाकता. तो म्हणतो, ‘थांब, मला बोल्ट टाकायचाय.’ तुम्ही म्हणता, ‘आता काय? झालं ते.’ नाही झालं. कार्ड टाकल्यावर समोरच्याला बोलायची संधी मिळायला हवी. दोघांनीही प्रायॉरिटी, म्हणजे काही टाकायची आपली पाळी, सोडल्याशिवाय स्टॅकवरचं काही सुटत नाही. तुमचं पेन झपाझप चाललं म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. पण समजा तुम्ही ग्रोथ टाकून थांबलात, त्याच्याकडं पाहिलंत, तो ‘हं, ओके’ म्हणाला, आणि तुम्ही डॅमेज सांगितल्यावर त्याला हातातला बोल्ट आठवला. मग ते वरातीमागून घोडं. दोन्ही प्रसंगांत नियम एकच आहे. फरक त्या दोन सेकंदांचा आहे, आणि ती दोन सेकंदं कुठल्याच नियमपुस्तकात छापलेली नाहीत.

‘पण लॉजिक काय सांगतं?’ हा दुसरा आवडता मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात कुचकामी. ‘यू-गी-ओ’ या दुसऱ्या कार्ड गेममधला सदाबहार वाद म्हणजे मिस्टिकल स्पेस टायफून. समोरच्यानं साधं स्पेल टाकलं, तुम्ही चेनमध्ये (हा तिथला स्टॅक) टायफून टाकून ते कार्डच उडवलंत. आता त्याचा परिणाम थांबला का? नाही थांबला. कार्ड नष्ट करणं आणि परिणाम रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायफून फक्त पहिली करतं. तेच कार्ड जर कंटिन्युअस स्पेल असतं, तर मात्र त्याचा परिणाम लागू व्हायला ते टेबलावर उघडं राहावं लागतं, म्हणून तिथं टायफून चालतं. मॅजिकमध्येही हीच जात आहे. क्रीचरची (अस्वलासारख्या लढणाऱ्या कार्डाची) ॲबिलिटी, म्हणजे त्याची खास करामत, एकदा स्टॅकवर चढली, की क्रीचरला मारून ती थांबत नाही. पत्र पेटीत पडल्यावर पाठवणाऱ्याचं घर पाडलं तरी पत्र पोहोचायचं ते पोहोचतंच. पण भांडणाऱ्याला हे पटत नाही. ‘जादूगारच मेला तर जादू कशी होईल?’ असं तो हात उडवून विचारतो. अहो, गोष्टीत नसेल होत. इथं होते.

आणि लॉजिक तरी कुठल्या सालचं? मॅजिक १९९३ साली आलं तेव्हा स्टॅक नव्हताच. इंटरप्ट नावाचा कार्डांचा एक वेगळा प्रकार होता, आणि कुठलं कार्ड कुठल्या कार्डाच्या मध्ये घुसू शकतं यावर लोक रात्र रात्र वाद घालू शकत. १९९९मध्ये सिक्स्थ एडिशनसोबत सगळे नियम नव्यानं बांधले गेले, इंटरप्ट गेले, स्टॅक आला. त्या वेळी लढाईतलं डॅमेजसुद्धा स्टॅकवर जायचं. त्यामुळं मॉग फॅनॅटिकसारखं १/१चं किरकोळ क्रीचर आधी लढाईतला एक डॅमेज स्टॅकवर ठेवायचं आणि मग स्वतःचा बळी देऊन आणखी एक मारायचं. मेलेलं क्रीचर ठोसा मारतंय, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. २००९मध्ये ‘मॅजिक २०१०’च्या नियमांनी ते बंद केलं, तेव्हा हीच मंडळी ‘खेळाची वाट लावली’ म्हणून ओरडली. मला तो बदल योग्यच वाटतो. पण दहा वर्षं एक गोष्ट ‘लॉजिकल’ होती आणि एका दिवसात ती राहिली नाही, एवढं लक्षात घेतलं तरी टेबलावर लॉजिक आपटणं कमी होईल.

कार्डावरचा मजकूर शब्दशः वाचा हे सगळेच सांगतात, पण कार्डं कशी लिहिलीत हेही बघायला हवं ना. यू-गी-ओनं २०११पासून इंग्रजी कार्डांची भाषा शिस्तीत आणली. कोलनच्या आधी असते ती अट. सेमीकोलनच्या आधी असतं ते कार्ड ॲक्टिव्हेट करतानाच उरकायचं, म्हणजे किंमत मोजणं किंवा टार्गेट निवडणं. सेमीकोलनच्या पुढचं ते चेन सुटताना होतं. म्हणजे एका विरामचिन्हावरून कळतं, की कार्ड रद्द झालं तर टाकून दिलेलं कार्ड परत मिळणार का. (नाही मिळणार. किंमत ती किंमत.) मला हे फार आवडतं. शब्दांचा कीस पाडायचाच असेल, तर निदान शब्द कीस पाडण्यालायक तरी असावेत.

त्याच खेळातला ‘टायमिंग चुकलं’ हा नियम मात्र माझ्या डोक्यात जातो. कार्डावर ‘व्हेन’ आणि ‘यू कॅन’ अशी जोडी असेल, तर ती घटना सगळ्यात शेवटी घडलेली असायला हवी. मधे दुसरं काही घडलं की संधी गेली. तुमचा मॉन्स्टर ट्रिब्यूट (नव्या मॉन्स्टरसाठी दिलेला बळी) म्हणून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, गेला, त्यानंतर नवा मॉन्स्टर टेबलावर आला. आता शेवटची घटना समन, म्हणजे नव्याचं येणं, ठरली, आणि गेलेल्या मॉन्स्टरचा परिणाम हुकला. ‘व्हेन’च्या जागी ‘इफ’ असतं तर चाललं असतं. हा नियम माहीत असलेला माणूस खेळ चांगला खेळतो असं नाही, तो फक्त समोरच्याला खिंडीत गाठतो. खेळाच्या कौशल्यात मी हे धरत नाही.

पोकेमॉनच्या कार्ड गेमनं ही सगळी कटकट मुळातूनच टाळली. समोरच्याच्या टर्नमध्ये तुम्ही हातातलं कार्ड टाकून मोडता घालू शकत नाही. वाद निम्म्यानं तरी गळून पडतात. पण समोरच्याच्या हातात काय असेल या धास्तीनं पोटात येणारा गोळाही त्यांच्यासोबत जातो. मला तो गोळा हवाय, म्हणून मी वाद पत्करते.

स्पर्धेतले चांगले जज काय करतात ते बघण्यासारखं असतं. ते आल्या आल्या नियम सांगत नाहीत. आधी एकाला विचारतात काय झालं, मग दुसऱ्याला. कोण काय बोललं, कुठलं कार्ड कधी हातातून निघालं. दोघांच्या हकिकती जुळल्या की निर्णय चुटकीसरशी होतो. जुळल्या नाहीत तर खरं काम तिथं सुरू होतं. शॉर्टकटही, म्हणजे कुठल्या शब्दाचा काय अर्थ धरायचा याचे ठरलेले संकेत, त्यांना माहीत असतात. मॅजिकमधला ‘कॉम्बॅट?’ (लढाईला जाऊ?) हा एकच शब्द बघा. पूर्वी स्पर्धेत असं म्हटलं की लढाईच्या सुरुवातीला काही करायची तुमची संधी हातची गेली असं धरलं जायचं. व्हेइकल कार्डं (हल्ल्याआधी चालू करावी लागणारी वाहनं) आल्यावर त्यात खेळाडू इतके अडकायला लागले, की २०१७मध्ये हा शॉर्टकटच बदलला गेला. माझ्या मते तो आधीच बदलायला हवा होता. खेळाडूला काय म्हणायचं होतं हे टेबलावरच्या सगळ्यांना कळत असताना, त्याला त्याच्याच शब्दात पकडणं ही हुशारी नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. तुमचा ट्रिगर, म्हणजे एखादी घटना घडली की आपोआप सुरू होणारा परिणाम, तुम्हीच लक्षात ठेवायचा. वरच्या स्तरावरच्या स्पर्धेत समोरच्यानं तुम्हाला आठवण करून देणं बंधनकारक नाही, आणि जजही सहसा देत नाही. काहींना हे निर्दयी वाटतं, मला वाटत नाही. बोलणाऱ्याची माती खपते, तर तुम्हीही बोला की. ‘ट्रिगर’ एवढंच म्हणायचंय.

ॲपवर हे प्रश्न नसतात, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मॅजिक अरीना या ॲपवर तुमच्याकडं टाकण्यासारखं काही नसेल, तर प्रायॉरिटी बहुतेक वेळा आपोआप पुढं जाते. म्हणजे डाव क्षणभर अडकला, की तुमच्या हातात काहीतरी आहे हे समोरच्याला कळलंच. नियमाचा वाद मिटला, पण गुपित फुटलं. म्हणून मुरलेले खेळाडू फुल कंट्रोल (प्रायॉरिटी आपोआप पुढं जाऊ न देणारं सेटिंग) लावून मुद्दाम थांबतात. आणि जी मंडळी थेट ॲपवर शिकून टेबलाशी येतात, त्यांना नियम उत्तम येतात, पण तोंड उघडायची सवय नसते. तिथं मशीन थांबायचं, इथं कुणी थांबत नाही. मग आपलं ‘थांब, मला बोल्ट टाकायचाय’ सुरू.

घरच्या खेळात जज नसतो. मॅजिकच्या पूर्ण नियमावलीची दोनशेहून जास्त पानं डाव थांबवून कुणी चाळत नाही. तिथं माझा शिरस्ता ठरलेला आहे. आधी दोघांनी मिळून क्रम पुन्हा सांगायचा, कार्डं जिथं होती तिथं ठेवून. त्यावरही जमलं नाही तर दोन मिनिटं शोधायचं. सापडलं नाही तर नाणं उडवायचं आणि पुढं खेळायचं. नंतर नाण्याचा निकाल चुकीचा निघाला, तरी संपलेला डाव पुन्हा मांडायचा नाही. पुढच्या डावापासून ते कार्ड मात्र बरोबर नियमानं चालवायचं, मग ते तुमच्या डेकमधलं का असेना.